मनूचा स्प्रे

४ नोव्हें., मंगळ.
मनूला राजारामपुरीत नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. अडेनॉइड, म्हणजे नाकामागची गाठ, वाढलीय. पाच वर्षांच्या पोरीचा झोपेत श्वास अडकतो तो त्यानंच. ऑपरेशन लागेल, पण आधी सहा आठवडे नाकात स्टेरॉइडचा स्प्रे मारून बघू म्हणाले. रोज झोपताना. चुकवायचा नाही.
मनूची आई, शुभा, उद्या पहिल्या एसटीनं परत चंदगडला, तिच्या शाळेवर शिकवायला. म्हणजे स्प्रे माझ्याकडं.

६ नोव्हें.
माझ्या आईच्या कानावर स्टेरॉइड शब्द पडला. "तालमीतली पोरं घेत्यात त्येच न्हवं? एवढ्याशा पोरीला?" डोस अगदी थोडा, नाकापुरता असतो, डॉ. म्हणाले ते सांगितलं. पटलं नाही. मला तरी कुठं नीट...

११ नोव्हें.
स्प्रे दिसला की मनूचं डोकं पांघरुणात. आज धरून मारला. रडली, नाक गळलं, औषध बहुतेक बाहेरच.
दीडपर्यंत तिच्या उशाशी. घोरते, घोरते, मधेच सगळं थांबतं. मी मनात आकडे म्हणतो. सात, आठ, नऊ. मग हिसका देऊन श्वास घेते. साडेपाचला डेअरीत ड्यूटी.

१८ नोव्हें.
मारला नाही. झटापट करायची ताकद नव्हती. शुभाचा फोन, दिला का? दिला म्हणालो.

१९ नोव्हें.
परत तेच.

२ डिसें.
पंधरा दिवसांत चारदा मारला असेल. फोनवर रोज 'दिला'. आज शुभा म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून मला इथं झोप लागते."


१६ डिसें., मंगळ.
तपासणी. शुभा रजा टाकून आली. फारसा फरक नाही, ऑपरेशनची तारीख घेऊ, डॉ. म्हणाले. शुभाचा चेहरा उतरला. तेव्हा तोंडातून निघालं, "डॉक्टर, रोज मारला न्हाय. निम्म्याच्या वर चुकलाय. माझ्याकडनं."
रागावले नाहीत. मनूला आरशापुढं बसवलं, मान जरा खाली, नळीचं टोक कानाच्या बाजूला, असं दाखवून बाटली तिच्याच हातात दिली. तिनं स्वतः दाबली. रडली नाही.
आणखी सहा आठवडे. पण मधे झोपेची तपासणी, रात्रभर श्वास मोजायची. श्वास फार अडकत असेल तर ऑपरेशन लांबवता येणार नाही म्हणाले.
रिक्षातून स्टँडवर उतरल्यावर शुभा एवढंच म्हणाली, "दमलोय म्हणून सांगायचं होतं की. मी आले असते."

२३ डिसें.
आठवडाभर एकही चुकला नाही. आई आरसा धरते, पुटपुटत. घोरणं आहेच. काल श्वास मधे थांबला नाही, का मलाच डुलकी लागली, सांगता येत नाही. शुभाला फोनवर अगदी तसंच सांगितलं. मग म्हणाली, शनिवारी मी जागते, तुम्ही झोपा.
झोपेच्या तपासणीची तारीख अजून मिळालेली नाही.