वेगळ्या ताटलीतला प्रसाद

डॅड,

मॉमला पुन्हा उलट्या होताहेत, म्हणून तिला बेंडिगोला डॉक्टरांकडे नेतेय. ब्रेडचा चुरा सांडतोस म्हणून आठ महिने तुला बोलले, माफ कर. तिच्यासाठी वेगळा ठेवलेला लाल टोस्टर मी उगाचच घासत बसले. ती रोज सकाळी चर्चमध्ये ख्रिस्ताचं शरीर म्हणून देतात तो गव्हाचाच प्रसाद घेते. तिच्या सीलिअ‍ॅकला म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनच्या त्या आजाराला भडकायला तेवढा तुकडाही पुरतो. फादरनी तिच्यासाठी ग्लुटेन जवळजवळ नसलेला वेगळा ठेवलाय, पण "वेगळ्या ताटलीतला देव मला नको. आणि देव कधी बाधतो का गं, शहाणे?" म्हणाली. मी मिलिग्रॅमचं गणित मांडलं, तर माझ्याच गालावरून हात फिरवला. रविवारी तिच्या शेजारी तू बस, आणि तूही त्याच वेगळ्या ताटलीतला घे.

टेगन