पोटात दुखतंय

४ फेब्रुवारी
पोटात दुखतंय. दोन्ही अर्थांनी! पाळी आलीय, आणि पंधराशे मीटरला माझ्या रूममेटने, काडीने, पुन्हा मागे टाकलं – चक्क सात सेकंदांनी.

सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्याकडे बघा. अंगावर काही फालतू नाही." मग माझ्याकडे बघितलं.

खालच्या दुकानातून पॅडची दोन पाकिटं आणली. एक फोडलं, एक कपाटात. खोलीत आम्ही दोघीच, म्हणून काडीलाही विचारलं होतं, तुला आणू का? "मला नको गं. माझी ती कटकट वर्षापूर्वीच संपली."

मेलीचं नशीबच थोर.

११ फेब्रुवारी
शनिवार. वजनकाटा. सर आकडे मोठ्याने वाचतात. माझा वाचला तेव्हा मागून कुणीतरी हसलं.

२ मार्च
मेसमध्ये काडीला निरखते. आज तिने अंड्यातला बलक बाजूला काढला. मीही काढला. तिने माझ्या ताटाकडे पाहिलं आणि हसली – परीक्षेत कॉपी करताना सापडल्यासारखं झालं.

आईचा फोन. "जेवलीस का?" हो म्हटलं. आता खोटं बोलताना जीभ अडखळतही नाही.

१९ एप्रिल
पाळी नाही. मागच्या महिन्यातही नव्हती. काडीला सांगितलं तर म्हणाली, "आता झालीस खरी रनर." पदक मिळाल्यासारखं वाटलं.

तरीही ती तीन सेकंद पुढेच. बघवत नाही.

३० मे
काडी धावता धावता ट्रॅकवरच बसली. नडगीचं हाड चिरलंय. स्ट्रेचरची एक बाजू मी धरली होती. खरं लिहायचं तर पहिला विचार आला तो हा – संघात एक जागा रिकामी झाली. मग लाज वाटली. पण मगच.

२ जून
डॉक्टरबाईंनी तिला आधी हेच विचारलं, "शेवटची पाळी कधी आली?" काडी बोटांवर मोजत बसली. बाई म्हणाल्या, "तू शरीराला खायला दिलं नाहीस, म्हणून हाडं अशी पोकळ झाली." धावणं बंद. तीन वेळा पोटभर जेवण.

मी खिडकीबाहेर बघत होते. मला कुणी काही विचारलं नाही.

८ जुलै
माझी निवड झाली! काडीच्याच जागी. सर म्हणाले, "आता दिसतेस धावपटू."

खोलीवर आले तर काडी लोणी लावलेला चौथा ब्रेड खात होती. तिला आता काटा नाही, आकडा नाही. म्हणाली, "घे ना." नाही घेतला. तोंडाला पाणी सुटलं आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला. आता हिच्या खाण्यावरही जळायचं का मी?

जळते.

२१ ऑगस्ट
डाव्या नडगीत कळ येते. सरांना सांगितलं नाही. शर्यत सहा सप्टेंबरला.

४ सप्टेंबर
सकाळी बाथरूममधून काडीची हाक. "पॅड आहे का गं? लवकर दे!" दार किलकिलं करून उभी होती. हसत होती, डोळ्यांतून पाणी. "आली गं, आली."

कपाट उघडलं. फेब्रुवारीतलं दुसरं पाकीट. न फोडलेलं. तेच दिलं. तिने वरची धूळ पुसली आणि माझ्याकडे बघत राहिली. "हे कधीचं आहे?"

पोटात दुखतंय. एकाच अर्थाने.