घरच्यासारखी

५ ऑगस्ट

आणली! दुपारभर पोलीस ठाण्यात बसले, पण घेऊनच निघाले.

घोडबंदर रोडवर नणंद राहते त्याच इमारतीतली ही. बाविसाव्या मजल्यावरून जिना उतरत आली आणि नणंदेच्या दारात बसून राहिली. "वर जायचं नाही" — एवढंच म्हणत होती. आता तिशीची असेल. दुधाचे दात पडत होते तेव्हा त्या घरात आली. तेव्हापासून पगार नाही, सुट्टी नाही, एकटीनं खाली उतरणं नाही.

हवालदार म्हणाला, "मॅडम, मुलगी ताब्यात घेतली असं लिहून द्या." ताब्यात? ती काय सापडलेलं पाकीट आहे? 'माझ्यासोबत येत आहे' असं लिहून दिलं.

डोंबिवलीला माझ्या घरी आलो. घरात पाऊल टाकल्यावर तिनं विचारलं, "भांडी कुठं घासायची?"

७ ऑगस्ट

नाव बेबी नाहीच. मंगळी! मंगळवारी जन्मली म्हणून मंगळी. त्या घरातल्या सासूबाईंनी बदललं. घरात मंगळी नको म्हणे. त्यांच्या मुलाच्या पत्रिकेची काळजी आणि नाव हिचं गेलं.

मला 'बाई' म्हणते. म्हटलं, ताई म्हण.

"बरं, बाई."

११ ऑगस्ट

कादंबरी येऊन गेली. मैत्रिणीची मुलगी, वकील. चटपटीत आहे, फक्त जेवताना फोन सोडत नाही. सगळं ऐकून म्हणाली, "मावशी, ही मोलकरणीच्या पगाराची केस नाही. ही वेठबिगारी आहे."

मंगळी कातकरी. आंबिवलीकडच्या वीटभट्टीवर आईबाप राबायचे. घरातल्या लग्नासाठी बापानं मालकाकडून उचल घेतली, ती फिटेना, म्हणून पोरगी मालकाच्या घरी पाठवली. त्या मालकाची सून म्हणजे बाविसाव्या मजल्यावरची क्षिप्रा. आता प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, मुक्तीचा दाखला मागायचा. तो हातात आला की बाकीचे हक्क त्याच्या मागून येतात.

कॉलेजात राज्यशास्त्र होतं मला. वेठीला मनाई करणारं कलम पाठ होतं, परीक्षेत छान लिहिलंही होतं. विषय तिथंच संपला असं वाटायचं.

१२ ऑगस्ट

क्षिप्राचा ड्रायव्हर खाली टपरीपाशी उभा होता. भाजीला जाताना दाराला बाहेरून कडी घातली. काळजी घेतलेली बरी.

२६ ऑगस्ट

कल्याणला गेलो, तिचं आधार कार्ड काढायला. खिडकीमागचा माणूस विचारतो, "नाव?"

"मंगळी."

"अहो, पत्रिका नाही विचारली, नाव विचारलं!"

रांग हसली. मी त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं नीट विचारलं. जन्म कुठला? मंगळी म्हणाली, "भट्टीवरचा." भट्टी म्हणजे गाव नाही, म्हणाला. गावाशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, म्हणाला. झालं!

परतताना रिक्षात मंगळीनं विचारलं, "बाई, मी कुठलीच नाही का?"

म्हटलं, रडायचं काम नाही. ती रडत नव्हतीच.

३ सप्टेंबर

केर काढते, भांडी घासते, माझे गुडघे चोळून देते. किती वेळा सांगितलं, खुर्चीवर बस!

"बसते, बाई. ओरडू नका."

आणि पुन्हा जमिनीवर. गुडघ्यांना मात्र खरंच बरं वाटतंय.

१९ सप्टेंबर

पहिली सुनावणी. क्षिप्रा मोत्यांचे कानातले घालून आली होती. आवाज मधासारखा. "साहेब, घरच्यासारखी होती हो ती आमच्या. दर वाढदिवसाला केक आणायचो."

मंगळीनं मध्येच विचारलं, "कोणाच्या?"

उत्तरही तिनंच दिलं.

"श्रियाच्या वाढदिवसाला, साहेब. यांच्या मुलीच्या. मी बशा धुवायचे."

प्रांतांनी मान खाली घातली, बहुतेक हसू लपवायला. घरच्यासारखी! हा शब्द मला यापुढे ऐकवणार नाही. घरच्यांना कोणी 'घरच्यासारखं' म्हणतं का?

मग त्यांचा वकील उठला. म्हणे, हिच्याकडे एक कागद नाही. बांगलादेशातूनही आलेली असू शकते! कादंबरी ताडकन उभी राहिली, पण साहेबांनी हातानं बसवलं. म्हणाले, आधी दोन गोष्टी सिद्ध करा — ही मंगळीच आहे, आणि ती इथलीच आहे. बांधून ठेवली होती की नाही, ते मग बघू.

म्हणजे सुटायच्या आधी जन्मावं लागणार.

६ ऑक्टोबर

आंबिवलीला उतरून तिच्या लोकांची वाडी शोधली. मंगळीला नेलं नाही. तिथंच राहते म्हणाली तर? केस होईपर्यंत नको.

आईबाप गेले. भाऊ सापडला, नाथा. माझ्याकडे न बघता म्हणाला, "शेठनी सांगितलेला, ती तापानं मेली." मग म्हणाला, "उचल माझ्याच लग्नाची व्हती. तिला ठाव हाय?"

साक्षीला ये म्हटलं. तो म्हणाला, दिवाळीनंतर भट्ट्या लागतात, त्याच मालकाकडे काम, साक्ष दिली तर उभं करणार नाही. मी काय सांगणार? यायलाच हवं, एवढंच म्हटलं. फार कडक म्हटलं बहुतेक.

निघताना विचारतो, "तिला का नाय आनली?"

"केस आहे. जपायला लागतं."

"मग तुमी कदी सोडनार तिला?"

मूर्खासारखा प्रश्न! मी काय धरून ठेवलीय?

११ नोव्हेंबर

सुनावणीला नाथा आला. धुतलेला शर्ट घालून. मंगळीकडे बघून नावच उच्चारलं फक्त. ती खुर्चीवरून उठून त्याच्या पायाशी जमिनीवर बसली, तोही खाली बसला. लहानपणीच्या खाणाखुणा एकमेकांना सांगत सुटले, साहेबांना अडवावं लागलं. वाटलं, जिंकलो!

मग त्यांच्या वकिलानं मंगळीला हळूच, अगदी प्रेमानं विचारलं. हल्ली कुठं राहतेस?

"या बाईंकडे."

काम करतेस?

"करते. केर, भांडी, बाईंचे पाय चोळते."

पगार?

"नाही."

एकटी बाहेर जातेस?

"दाराला कडी असते."

कोण घालतं?

तिनं माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायला मीच मनाई केली होती.

मी उठले. कोणी विचारलं नव्हतं. "अहो, तिच्या सुरक्षेसाठी! घरच्यासारखी आहे ती माझ्या!"

वकील फक्त वाकला. "साहेब, आमच्या अशिलाचं म्हणणं अक्षरशः हेच आहे."

बाहेर कादंबरी ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, "मावशी, नोंदलं गेलं."

१२ नोव्हेंबर

काही लिहायचं नाही.

१४ नोव्हेंबर

सुतार बोलावून बाहेरची कडी काढवली. "काकू, कडीशिवाय दार ठेवतं का कोणी?" त्याला गप्प केलं. लॅचची एक किल्ली मंगळीला दिली. तिनं ती पदराच्या टोकाला बांधली. गेली कुठं नाही. दिवसभर दाराकडे तोंड करून बसली.

भांडी मी घासली.

९ डिसेंबर

निकाल. भावाची साक्ष मान्य. ही मंगळीच, इथलीच, भारताची नागरिक. पुढचं वाक्य — सामनेवाल्यांकडे, तसंच सध्याच्या घरीही, तिला घरच्याप्रमाणे वागवलेलं दिसतं, सबब वेठबिगारी सिद्ध होत नाही. अर्ज नामंजूर.

कधी बांधलेलीच नव्हती! मग सोडवायचं कशाला?

मंगळीला वाचून दाखवलं. नागरिक म्हणजे काय, तिनं विचारलं. म्हटलं, या देशातली. कुठंही जाता येतं, कोणी अडवू शकत नाही.

"कुणीच?"

"कुणीच नाही."

१० डिसेंबर

सकाळी उठले तर गेलेली. घडी केलेलं अंथरूण. ओट्यावर किल्ली. चहा करून झाकून ठेवला होता, माझ्या एकटीपुरता.

नाथाला यंदा भट्टीवर उभं केलेलं नाही. वाडीवर खायला तरी असेल का? फोन करायला हात गेला. कोणाला करणार?

२२ डिसेंबर

कादंबरीचा फोन. मंगळी वाडीवरून एकटी तिच्या ऑफिसात आली. हायकोर्टात जायचं म्हणते. जबाब सांगितला, त्यात बांधून ठेवणारी घरं दोन सांगितली. एक घोडबंदरचं, दुसरं 'डोंबिवलीच्या बाईंचं'.

"मावशी, तुमच्या घराचं ते वाक्य राहिलं तर 'घरच्यासारखी' म्हणून कोणाला सुटता येत नाही, क्षिप्राचा बचावच पडतो. पण तुम्ही सामनेवाल्यांत याल. काढू का?"

नको म्हटलं. आणि 'बाई' असं लिहू नकोस, कोर्टात चालत नाही. माझं पूर्ण नाव सांगितलं, पत्ता सांगितला. लिहून झाल्यावर वाचून दाखवायला लावलं.