खारीची सबटायटल्स

४ जून

चि. भिंगरी, अ. उ. आ.

तुझी आई फोनवर सांगत होती की तुम्ही एकत्र राहणाऱ्या तिघी मुलींनी आमचा सिनेमा पाहिला आणि तुला तो फार आवडला. जीव सुखावला. मग बोलता बोलता ती म्हणाली की कॉम्प्युटरवर उतरवून घेतला होता. म्हणजे चोरीचाच की गं! रागावले नाही, पण दोन दिवस मनातून जाईना. त्या सिनेमाचे सगळे आवाज मी बसवलेत, दारांच्या कडीपासून पावलांपर्यंत. तो रीतसर किती जण पाहतात, त्यावर आमच्या दिग्दर्शिकेचा पुढचा सिनेमा अवलंबून आहे. तुम्ही शिकलेल्या, कमावत्या मुली असं का करता, ते मला खरंच समजून घ्यायचंय. प्रवचन देणार नाही, शपथ.

लोभ आहेच, तो असल्या कारणानं आटत नाही.
तुझी मावशी

११ जून

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

आईच्या पोटात काही राहत नाही! पैसे वाचतात हे एक कारण आहेच, ते नाकारत नाही. शिवाय एक सिनेमा या ॲपवर, दुसरा त्या ॲपवर. मालिका अर्ध्यावर आली की तिथून गायबच होते. माझ्या ऑफिसातली मुलं याच वैतागानं चोरीकडे वळतात.

पण तुझा सिनेमा आम्ही आधी पैसे भरूनच लावला होता. आमच्यासोबत राहणारी शिंपीण तुला आठवते ना, नाटकांचे कपडे शिवते ती? तिला जन्मापासून ऐकू येत नाही. त्या ॲपवर सबटायटल्स नव्हती. थोड्या वेळानं ती उठली आणि इस्त्री करत बसली. आमची तिसरी मैत्रीण, रक्त तपासणाऱ्या लॅबमधली, जिला आम्ही खार म्हणतो ती, तिथंच सिनेमा बंद करून मोकळी झाली. ॲपवर आपल्याला काही जोडता येत नाही, म्हणून तिनं चोरीची प्रत उतरवली आणि कामावरून आली की रोज थोडी थोडी सबटायटल्स लिहिली. ती झाल्यावरच आम्ही तिघींनी मिळून सिनेमा पाहिला. लिहिलेलं सोबत पाठवते. खार मात्र घाबरली आहे, तू तक्रार करशील म्हणून.

रागावलीस तरी चालेल, पण लिहीत राहा.
तुझी भिंगरी

२० जून

चि. भिंगरी, अ. उ. आ.

खारीला सांग, तिची पानं वाचून संपेपर्यंत मी खुर्चीतून उठलेच नाही. मला वाटलं होतं नुसते संवाद असतील. तिनं लिहिलंय: ‘जिन्यावर कुणीतरी दबकत उतरतंय.’ ‘पलीकडच्या खोलीत भांडण, शब्द कळत नाहीत.’ त्या जिन्यासाठी मी चार प्रकारच्या चपला घालून पाहिल्या होत्या, आणि हे कुणाच्या लक्षात येणार असं म्हणत कुढले होते. या पोरीनं सगळं ऐकलं, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला कळेल असं लिहिलं. एवढा कान आमच्या धंद्यातही क्वचित सापडतो.

पानं दिग्दर्शिकेला दाखवली. ॲपवाल्यांनी आधी हात झटकले. तिनं सांगून टाकलं की सबटायटल्स नाहीत तर पुढचा सिनेमाही तुम्हाला नाही. तेव्हा कुठे ऐकलं. खारीचं नाव आणि मोबदला, दोन्ही द्यायचं ठरलंय. तिची तयारी आहे का, विचार.

चोरी ती चोरी, यावर माझं मत बदललेलं नाही. ती प्रत पुढे कुणाला देऊ नका. पण दार आम्हीच बंद ठेवलं होतं, हेही मला कळलं.

तिघींवर माया आहे, ती मोजू नका.
मावशी

१६ जुलै

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

खारीनं होकार दिला तो तू ऐकलासच. पडद्यावर नाव आलं तेव्हा ती लाजून स्वयंपाकघरात पळाली, तिला ओढून आणावं लागलं. चोरीची प्रत पुसली. परवा आम्ही पुन्हा पैसे भरून सिनेमा लावला. माझ्या ऑफिसातल्यांनीही भरले. सगळ्यांनी नाही, खोटं कशाला सांगू.

एक सांगायचंच राहिलं, तिघींनी पहिल्यांदा पाहिला तेव्हाचं. त्या म्हातारबुवांच्या लग्नाच्या प्रसंगात गमतीची ओळ पडद्यावर आधी उमटते आणि बुवा ती मागून बोलतात. शिंपीण एकदम खो खो हसली. मी खालच्या ओळी वाचतच नव्हते, वळून तिला विचारायला लागले, काय झालं म्हणून. तिनं हातानंच सांगितलं, थांब, कळेल.

अशीच माया राहू दे.
तुझी भिंगरी