बोटाने पाहिला, ठीक

२९ जाने. ७४, मंगळ
काल्हेरच्या हरीभाऊ म्हात्रेची टॅक्सी आज ट्रकमागे दोराने बांधून आली. दिवाळीपासून त्याच्या दारात पडून होती. धाकटा भाऊ नामा गणेशपुरीच्या रस्त्यावर हिच्यातच गेला. चालत्या गाडीत इंजिन जाम, मागची चाकं धरली, गाडी ओढ्यात. इंजिन मीच बांधलेलं, अपघाताच्या जेमतेम सात महिने आधी.
तरी हरीभाऊ माझ्याकडेच आला. म्हणे घरात दुसरी कमाई नाही, आई नको म्हणते, तरी बांधा. त्याच्या तोंडाकडे बघवेना.

३० जाने., बुध
इंजिनखालचं तेलाचं चेंबर उतरवलं. बेअरिंगं काळीठिक्कर, तेल पोचलंच नाही. ऑइलपंप चांगला आहे. मग पंप फिरवणारा शाफ्ट काढला. त्याच्या टोकाची चपटी जीभ पंपाच्या खाचेत पुरती बसायला हवी. इथे जिभेचं फक्त टोक झिजलंय, केसभर. म्हणजे नुसती काठावर टेकलेली होती. सात महिने टिकली कशी हेच नवल.
मागच्या वर्षीची वही काढली. माझंच अक्षर : "शाफ्ट बोटाने पाहिला, ठीक." बावीस वर्षं बोटाने पाहतोय. जरा जरी हाललं तरी कळतं मला. मग हे काय?


३१ जाने., गुरु
मुंबईहून नवा शाफ्ट आणला. जुन्याशी लावून पाहूनच घेतला, तंतोतंत तेवढाच. बसवला. उजव्या हाताच्या दोन बोटांत धरून फिरवला, वर उचलला. पक्का. पण शाफ्टमध्ये थरथर जाणवते. बारीक, न थांबणारी. भिंतीपलीकडे यासीनभाईचे कापडाचे बारा लूम. त्यांचाच हादरा असणार. सोडून दिलं.

१ फेब्रु., शुक्र
जुम्म्याची सुट्टी, लूम बंद. एवढी शांतता की नळ ठिबकताना ऐकू येत होता. सकाळी दहाला शाफ्टला हात लावला. थरथर आहेच.
डाव्या हाताने धरला. काही नाही, लोखंड ते लोखंड. उलट डाव्याला तो जरा सैल वाटला, पण डाव्याला काय अक्कल! पुन्हा उजव्याने. थरथर. तीनदा हात बदलले. खालून कोणी शाफ्टचं दुसरं टोक धरून बसलंय असं वाटलं. मागच्या वेळी हे इंजिन बांधताना नामा इथेच पाटावर बसून असायचा, गप्पा मारत. यासीनभाई दारावरून गेले, म्हणाले, चेहरा असा का मिस्त्री? काही नाही म्हटलं आणि शटर ओढलं.

२ फेब्रु., शनि
चहाचं पातेलं स्टोव्हवरून उतरवत होतो. सुमन एकदम धावत आली.
"अहो, बोटं! जळतायत तुमची."
वास आला तेव्हा मला कळलं. बोटं बघितली तर दोन्हीवर फोड. उजव्या हाताची, तीच दोन.
मग तिने शिवणाची सुई घेतली. मला भिंतीकडे तोंड करायला लावलं. आता? नाही म्हटलं. आता? नाही. वळून पाहिलं तर रक्त आलं होतं आणि ती रडत होती. माझ्या मनगटावरचा फिका चट्टा दाखवला. मागच्या होळीच्याही आधीपासून आहे म्हणते. मी बॅटरीचं ॲसिड समजून चाललो होतो. होळीनंतर महिन्याभरात हे इंजिन बांधलं.
महारोग. ती म्हणाली नाही, मीच इथे लिहितोय. सोमवारी सरकारी दवाखान्यात चला म्हणते. त्या रांगेत कोण कशाला उभं राहतं ते सगळ्या भिवंडीला ठाऊक आहे. मग माझ्याकडे गाडी कोण आणणार?

३ फेब्रु., रवि
सुई कळली नाही, जाळ कळला नाही. मग थरथर कशी कळते या बोटांना?
दुपारी जाऊन पुन्हा धरून पाहिलं. आहे.

४ फेब्रु., सोम
दवाखान्यात गेलो नाही. हरीभाऊ नऊला हजर. चेंबर लावायच्या आधी म्हटलं, शाफ्ट जरा तुम्ही धरून बघा. हसला, माला काय समजतंय म्हणाला. पण धरला.
"हालतंय की वं मिस्त्री. वर-खाली व्हतंय."
मी धरला. मला पक्का. जिभेला काजळी फासून शाफ्ट पंपात बसवला, फिरवला, बाहेर काढला. काजळी फक्त टोकाला पुसलेली, केसभर. आखूड आहे. जुनाही आखूडच होता, आणि मी मूर्ख त्याच्याच मापाने नवा घेऊन आलो. हरीभाऊने धरला नसता तर हाही बोटाने पाहून ठीक लिहिला असता.
हरीभाऊने काजळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला,
"मंग नामाच्या टायमाला कोनी बघितलं व्हतं?"
चहा सांगतो म्हणून मागच्या दाराने बाहेर आलो. वही खिशात होती. पाव तास झाला, इथे पिंपावर बसून लिहितोय. सांगावं लागणार. चट्ट्यासकट सगळंच. हरीभाऊची मला भीती वाटत नाही, त्याने मारलं तरी चालेल.
दुकानात तो एकटाच आहे आणि हळू आवाजात कुणाशी तरी बोलतोय. आत्ता स्पष्ट ऐकू आलं.
"थांब रं नामा. मिस्त्री येतंय. सांगंल त्यो."
अजून उठलो नाही.