कागदाची घागर

खोडद, ता. जुन्नर
२७ ऑक्टोबर २००४

प्रिय स्नेहल,

तुझ्या लग्नाच्या रुखवतासाठी मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू अशा: जुन्या लग्नपत्रिकांचं तोरण, एकशे आठ पानांचं, प्रत्येक पान तीन घड्यांचं. काड्यापेट्यांचं बारा खणांचं कपाट, त्यातला प्रत्येक खण ओढला की पुढे येणारा. वर्तमानपत्राच्या सुरळ्यांची बैलगाडी, चाकाला सोळा आरे. सिगारेटच्या चांदीची आणि कुल्फीच्या काड्यांची दुर्बीण, आपल्या शिवारातून ती आभाळाकडे तोंड केलेली रेडिओ दुर्बीण दिसते तशीच, मान वर-खाली करणारी. सिमेंटच्या पिशवीच्या कागदाची दोन मोठी ताटं. कॉम्प्युटरच्या रद्दी कागदाच्या कडेला ज्या भोकांच्या पट्ट्या असतात त्यांची लेस लावलेला दिव्याचा घुमट; ती लेस सव्वाअकरा मीटर भरली होती. उडालेल्या बल्बांचे चार पोपट. विहीर, तुळशीवृंदावन, फळांची परडी, हंसांची जोडी, खडूच्या खोक्यांचं घड्याळ आणि जत्रेतला फिरता पाळणा. या झाल्या तेरा. टेबलावर वस्तू चौदा होत्या, आणि चौदाही चिठ्ठ्यांवर माझं नाव होतं. चौदावीचं खाली लिहितो. तिच्याचसाठी लिहायला बसलोय, पण एकदम तिच्यावर यायला मला जमत नाही.

इकडे सगळं ठीक आहे. कांद्याची रोपं टाकली आहेत. तुझी आई चतुर्थीला ओझरला जाते ती दर्शनाला जाते असंच मला सांगते, आणि पिशवीत चिवड्याचा डबा घेऊन निघते. गणपतीला चिवडा लागत नाही एवढं मलाही कळतं. ती परत आली की मी विचारत नाही, ती सांगत नाही, पण जेवताना आमच्या नातीचं, समृद्धीचं, काहीतरी निघतंच. ती आता बालवाडीत जाते, डाव्या हातानं लिहिते वगैरे. त्या पोरीला मी दोनदा पाहिलंय. लग्नानंतरचं पाचपरतावण सोडलं तर साडेसहा वर्षांत तू या घरी एकदाच आलीस, आजीच्या दहाव्याला. दोनच्या एस.टी.नं परत गेलीस, आणि घरातलं पाणीही घेतलं नाहीस. लोकांना वाटलं दुःखानं. मला माहीत होतं कशानं.

रुखवत नवरीच्या हातचं म्हणून मांडायचं, मग केलेलं कुणीही असो, ही रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. दहा लग्नांत मी बाजारातून आणलेले हंस 'नवरीनं केलेत' म्हणून पाहिले होते, त्यांच्या मानेवरचे डिंकाचे डागही पाहिले होते. पण मी आठ महिने बसलो होतो. सातवी शिकलेला माणूस, ना कुणी गुरू, ना ड्रॉइंगची परीक्षा. त्या दुर्बिणीच्या अँटेनांच्या जाळीच्या कामावर तीन वर्षं तारा बांधल्या. तिथले साहेब म्हणायचे, हौशीरामची गाठ तपासायला नको. अँटेना उभ्या राहिल्या; गाठ कुणाची हे कुठे लिहिलेलं नाही. लिहीतही नसतात. म्हणून रुखवताच्या चिठ्ठ्या मी बोरूनं लिहिल्या: वस्तू, कशापासून केली, किती दिवस लागले, आणि खाली माझं नाव. तुझ्या सासूबाई, साळुबाई, चार बायका घेऊन टेबलापाशी आल्या. त्यांना वाचता येत नाही हे मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "अगं बया, पोरीच्या बोटांत लई गुण हाय." तेवढ्यावर मी गप्प राहायला हवं होतं. मी म्हणालो, "विहीणबाई, पोरीनं कशाला, समदं मी केलंय. हिला साधी घडी सरळ घालता येत न्हाई." मागून तुमच्याकडचं कुणीतरी बोललं, "मग राव, पोरीपरीस बापालाच सून करून नेऊ की." मांडवभर हशा झाला. मीही हसलो. तू मुंडावळ्या बांधून तीन हातांवर उभी होतीस, आणि मी हसणाऱ्यांकडे बघत होतो.

पुढचं मला तुझ्या आईकडून कळलं, तेही तुकड्यातुकड्यानं, भाजी निवडता निवडता. धुणं वाळून आलं की साळुबाई म्हणायच्या, "घड्या घालायला बापाला बोलवू का?" पोळी जाड झाली तरी तेच. जावई आदेशराव एकदा म्हणाले, आई, पुरं कर आता, तर पुढे आठ दिवस त्यांच्यावरही तोंडसुख. तुझ्या सासरी, महाळुंग्यात, एवढीशी गोष्ट घरोघर पोचायला किती वेळ लागतो. सुरुवात पहिल्या चार दिवसांतच झाली असणार, कारण पाचपरतावणाला तू आलीस तेव्हाच जीपमधून तीन खोकी उतरवलीस आणि ओट्यावर ठेवलीस. म्हणालीस, "आण्णा, तुमच्या वस्तू. चिठ्ठ्या मोजून घ्या, चौदा आहेत." मी खरंच मोजल्या. तुझ्यासमोर, बोट लावून. आता लिहिताना त्याची लाज वाटते.

आता चौदावी. कागदाची घागर. त्या फेब्रुवारीत घरात ठरलं होतं की लग्नाची नवी भांडी घ्यायला जुनं पितळ मोडीत द्यायचं, आणि त्यात आजीची ठोक्यांची घागर होती. तू माझ्याकडे रद्दी मागितलीस. मी रद्दी दिली, पण माझं टेबल दिलं नाही. तू मागच्या पडवीत आजीपाशी बसलीस. आजी धान्याच्या टोपल्या करायची तसाच कागद आठ दिवस भिजवलास, मेथ्यांच्या पिठाबरोबर उखळात कुटलास आणि तो लगदा घागरीवर थापलास. मला ते बायकांचं काम वाटायचं. त्याला मी कला म्हणत नव्हतो. वाळल्यावर तू ते कवच कापून काढलंस, पुन्हा सांधलंस, आणि माझ्यापुढे आणून ठेवलंस. मी आधी फूटपट्टी लावली. घागर डावीकडून पाव इंच आत बसलेली. तू म्हणालीस, "आण्णा, ते तसंच असू द्या." का, ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तू ब्लाऊज आणायला नारायणगावला गेलीस, तेवढ्यात मी खडूची पूड डिंकात कालवली, तो खळगा भरला, सगळ्या अंगाला लेप दिला, घासून गुळगुळीत केलं, निळ्या ऑइलपेंटचे दोन हात मारले आणि सोनेरी काठ ओढला. आल्यावर तू बघितलंस आणि ब्लाऊजची पिशवी घेऊन आत गेलीस. मला वाटलं, आवडलं असेल. शेवटचा हात माझा, म्हणून चिठ्ठीही माझी, असा माझा हिशेब होता.

या ऑगस्टात आम्ही दोन दिवस तुझ्या मामाकडे गेलो होतो. माकडांनी माजघरावरची कौलं सरकवली आणि पावसाची धार नेमकी शोकेसवर लागली. तेरातल्या नऊ वस्तू गेल्या. बैलगाडीचा गोळा झाला, दुर्बिणीची मान तुटून खाली पडली, तोरणाचा लाल रंग भिंतीवर ओघळला, तो अजून गेलेला नाही. खळीत मोरचूद घालायला मी कधी चुकलो नाही, पण मोरचूद किडीसाठी. पाण्याला ते काय करणार. घागरही पाण्यातच उभी होती. तिचा निळा रंग फुगून आला होता. मी चिमटीत धरला तर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा निघत गेला, आतला खडू विरघळलेलाच होता. आणि आत तुझी घागर, मेथ्यांच्या चिकटीनं लाकडासारखी घट्ट, जशीच्या तशी. तिच्यावर ठोके होते. मी लेप देताना त्यांना लगद्याचा खडबडीतपणा समजलो होतो. आता नीट बघितलं. पितळेचा ठोका कागदाच्या आतल्या अंगाला उमटतो, बाहेर येत नाही. बाहेरचा एकेक ठोका तू लगदा ओला असताना करंगळीनं दाबून काढला होतास. मी मोजले. बावीस ओळी, पोटाच्या सगळ्यात रुंद ओळीत शहाण्णव. मग सांधा शोधला. नखानं शोधला, भिंग लावून शोधला. सापडला नाही. माझ्या प्रत्येक वस्तूला सांधा आहे आणि त्याच्यावर लेस चिकटवलेली आहे. ती लेस कशासाठी असते हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

डावीकडचा खळगा मोकळा झाला तेव्हा तुझी आई दारात उभी होती. म्हणाली, "आत्याबाईंच्या घागरीचा पोचा हाय त्यो. तुमी वळखला न्हाई व्हय?" बाहत्तरच्या दुष्काळात नदीतल्या झऱ्यावरून येताना आजी घसरून पडली आणि घागर अंगाखाली आली, तेव्हाचा तो पोचा. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो, तिला हात देऊन मीच उठवलं होतं. कल्हईवाला दरसाल म्हणायचा, ठोकून सारखा करून देतो. आजी देऊ द्यायची नाही. त्या पोच्यामुळे घागर कमरेवर बरी बसते म्हणायची. हे सगळं मला माहीत होतं, स्नेहल. ती घागर सायकलला बांधून मोडीत देऊन आलो तोही मीच. आणि तू जे राखलं होतंस त्याच्यावर मी फूटपट्टी लावली. तुझी आई एवढंच बोलली, "तुमी रंग लावला की वस्तू तुमची व्हती का?" मग ती चुलीकडे गेली.

सप्टेंबरभर मी तशी घागर करून बघितली. तीन केल्या. लगदा जमला, मेथ्यांचं प्रमाणही जमलं. पण माझं बोट जाड आहे, आणि ओळ फिरून पहिल्या ठोक्याशी आली की दर वेळी अर्धा ठोका उरतो. तिन्ही मी उखळात परत कुटल्या. मग एक वेडेपणा केला. नारायणगावला झुंबरलालशेठच्या भांड्यांच्या दुकानात गेलो आणि विचारलं, आमची ती घागर कुठे असेल का. शेठ हसले. "हौशीरामभाऊ, सहा वर्षांनी पितळ विचारायला आलात? ती कधीच भट्टीत गेली. आता कुणाच्या तरी देव्हाऱ्यात समई होऊन बसली असेल." त्यांचा मुलगा कल्पेश गल्ल्यावर होता. त्यानं विचारलं, काका, एवढं काय त्या घागरीत? मी बोलून गेलो की तिची कागदाची जोडीदारीण आमच्या घरी आहे. तर दसऱ्यानंतरच्या रविवारी तो आपल्या आईला, जतनबाईंना घेऊन गाडीनं आपल्या दारात.

जतनबाईंनी घागर दोन्ही हातांनी उचलली, पितळेच्या तयारीनं, आणि ती हलकी लागल्यावर दचकल्या. मग मांडीवर घेऊन बसल्या. बराच वेळ त्यांची बोटं ठोक्यांवरून फिरत होती. म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या हाताला तोड नाही." तुझी आई चहा घेऊन आली होती, ती ट्रे धरून तिथेच थांबली. मी म्हणालो, "माझा हात नाही. ही माझ्या मुलीनं केलीय, स्नेहलनं. मी फक्त हिच्यावर रंग मारला होता, तो आता गेला." तोंडातून निघायला सोपं नव्हतं. कल्पेश म्हणाला, "काका, मुलीनं काय, तुम्ही काय, घर एकच ना. गिऱ्हाईक थोडंच चौकशीला येतंय. पाटी तुमचीच लावू." पाटीचं नाव निघालं तेव्हा माझं मन हललं नाही असं मी लिहिणार नाही. हललं. तुझ्या आईनं ट्रे अजून खाली ठेवला नव्हता.

आता हे पत्र का, ते सांगतो. घागर तुझी. तिच्यावर रंग मारताना मी तुला विचारलं नव्हतं, आणि परवा तिला गिऱ्हाईक आलं तेव्हा नकार दिला, तोही तुला न विचारता. एकाच वस्तूवर दुसऱ्यांदा तुझ्याऐवजी मी ठरवलं. पहिल्या वेळेचं मी साडेसहा वर्षं तुझ्यापाशी बोललो नाही. दुसऱ्या वेळेचं तरी तुला माझ्याकडून कळावं. घागर एस.टी.त टाकून पाठवण्यासारखी नाही. ती न्यायला कुणीतरी यावं लागेल. दिवाळीला ये असं तुझी आई म्हणते. मला म्हणायचा हक्क आहे की नाही ते तू ठरव. आणि घागर विकायची असं तुझ्या मनात आलं तर मी नारायणगावला जाऊन माझा नकार मागे घेईन, पाटीवर मात्र तुझं नाव घालायला लावीन. तुला नीट विचार करता यावा म्हणून त्यांचं बोलणं अक्षरशः लिहितो, यात माझं पदरचं काही नाही. मी नाही म्हणालो ते याला: ही घागर, आणि वर्षभरात हिच्यासारख्या आणखी चोवीस, त्यांच्या नव्या दुकानाच्या दर्शनी काचेत मांडायच्या, वर पितळी पाटी, 'कलाकार हौशीराम, खोडद', आणि सगळे मिळून रोख एकतीस हजार रुपये.

तुझाच,
आण्णा