रामदासचं लायटर

अकोला, गुरुवार, संध्याकाळ

आज रामदासची तेरवी झाली. आमी दोघा दोस्तांनी बिडी सोबतच सोडली, तेव्हा लायटर अदलाबदल केले होते. तलफ आली की एकमेकाच्या दारी जाऊन आपलं लायटर मागायचं, अन् समोरच्यानं द्यायचं नाही. रामदास चहा पाजून परत पाठवायचा.

आज जेवणं झाल्यावर लोक अंगणात बिड्या ओढून राहिले होते. मले राहवलं नाही. वहिनीले म्हटलं, माझं लायटर द्या.

"नाई देत, भाऊजी. ते सांगून गेले, माह्या मागं तो मांगाले येईन, देऊ नोको."

काडी तर अंगणात कोणीही दिली असती. मग मी लायटरच काहून मागितलं?

त्याचं लायटर माझ्या कपाटात आहे. ते मागाले आता कोण येणार?